मदत येईपर्यंतचे तास

बर्फावर पाठ टेकून पडलं की पहिली दोन-तीन मिनिटं काही वाटत नाही. मग खालून थंडी चढायला लागते. आधी खांद्याच्या फऱ्यांना, मग कमरेला, मग मांड्यांना. वर स्वच्छ ऊन होतं, अंगात कपड्यांचे तीन थर होते, डोक्याला लोकरीची टोपी होती. तरी पंधराव्या मिनिटाला माझे दात वाजायला लागले. माझा पाय मोडलेला नव्हता, मला फक्त तसं सोंग वठवायचं होतं. उजवी मांडी मोडली आहे, श्वास भराभर चालला आहे, नाव विचारलं तर बरोबर सांगायचं आणि वार विचारला तर चुकवायचा. गुडघे टेकून माझ्याभोवती बसलेले चौघं मन लावून मांडी कशी बांधायची याची चर्चा करत होते. माझ्या पाठीखाली काहीतरी सरकवायला हवं, हे कुणाला सुचलं नाही.

सराव थांबवून प्रशिक्षकाने विचारलं, “पेशंटला आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?”

“मांडीचा,” चौघं एका सुरात म्हणाले.

प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “बर्फाचा.”

ही जागा कोलोरॅडोतल्या बर्थड पास या खिंडीजवळची, समुद्रसपाटीपासून साधारण ३,४०० मीटरवरची. नोकरीमुळे मी डेन्व्हरला राहते आणि गेली काही वर्षं हिवाळ्यात डोंगरात स्कीइंगला जाते. इथलं नेहमीचं स्कीइंग रिसॉर्टवर चालतं. तिथे वर न्यायला लिफ्ट असते, उतार यंत्राने सारखे केलेले असतात, धोक्याचा बर्फ सकाळीच स्फोट करून पाडलेला असतो आणि कुणी पडलं तर स्की पेट्रोलची लाल जाकिटवाली माणसं घसरगाडी घेऊन काही मिनिटांत पोचतात. रिसॉर्टच्या दोरीपलीकडे यातलं काहीच नसतं. तिथे स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवून, दोन-तीन तास पायांच्या जोरावर चढायचं आणि कुणाचाही माग न उमटलेल्या बर्फावरून खाली यायचं. स्नोबोर्डवाले त्यासाठी मधोमध उभा चिरलेला बोर्ड वापरतात. चढताना त्याच्या दोन स्की होतात, उतरताना पुन्हा एक बोर्ड. याला बॅककंट्री म्हणतात. त्यातलं सुख ज्याने अनुभवलंय त्याला ते वर्णन करून सांगायला नको, आणि धोकाही तितकाच खरा आहे. अमेरिकेत दर हिवाळ्यात सरासरी पंचवीस-तीस माणसं हिमस्खलनात जातात, आणि त्यांत कोलोरॅडोचा वाटा बहुतेक वर्षी सगळ्यात मोठा असतो.

अशा डोंगरात जाणाऱ्यांसाठी प्रथमोपचाराचे वेगळे अभ्यासक्रम आहेत. शनिवार-रविवार मिळून सोळा तासांचा एक, आणि सत्तर-ऐंशी तासांचा सखोल दुसरा. हा दुसरा वाटाडे आणि शिबिरं चालवणारे करतात. डॉक्टरांपर्यंत पोचायला एक तासाहून जास्त वेळ लागणार असेल, तर ती जागा ‘वाइल्डरनेस’ धरायची, अशी या शाखेची साधी व्याख्या आहे. शहरातला प्रथमोपचार म्हणजे रक्त थांबवा, हलवू नका, ॲम्ब्युलन्सला फोन करा. ॲम्ब्युलन्स दहा मिनिटांत येईल, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ती सहा तासांनी येणार असेल, किंवा रात्र काढून सकाळी येणार असेल, तर त्या मधल्या वेळात करायचं काय? सारा अभ्यासक्रम याच प्रश्नाभोवती फिरतो. आणि याचं उत्तर सोबतच्या माणसांना द्यायचं असतं, कारण तिथे दुसरं कुणी नसतं.

हा प्रश्न ज्याच्या जिवाला लागला अशा एकाची गोष्ट मला फार जवळची वाटते. मायनट डोल हा विम्याच्या धंद्यातला माणूस. १९३६च्या जानेवारीत व्हरमाँटमधल्या स्टो इथे स्कीइंग करताना त्याचा घोटा मोडला. भिजवणाऱ्या थंडीत तो तासन्‌तास डोंगरावर पडून राहिला. त्याचा मित्र फ्रँक एडसन धावाधाव करत होता, पण माणूस खाली आणायचा कशावरून? शेवटी छपराचा एक पत्रा मिळाला आणि त्याच्यावर घालून त्याला ओढत खाली आणलं. त्याच हिवाळ्यात एका शर्यतीत एडसन झाडांमध्ये जाऊन आदळला आणि गेला. डोलने ते दुःख उराशी धरून १९३८ साली नॅशनल स्की पेट्रोल उभं केलं. आज रिसॉर्टवर जी लाल जाकिटं दिसतात, त्यांच्यामागे तो पत्रा आहे. पण पेट्रोल रिसॉर्टच्या हद्दीत. त्या दोरीपलीकडे आपण अजूनही १९३६मध्येच असतो. पत्रा आपणच शोधायचा.

दोरीपलीकडे सगळ्यात कमी वेळ मिळतो तो हिमस्खलनात. बर्फाखाली दबलेली माणसं गारठून मरतात असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. बहुतेक जण गुदमरून मरतात. कोसळून थांबलेला बर्फ काही क्षणांत आवळला जातो, तो पिंजलेल्या कापसासारखा राहत नाही, ओल्या वाळूच्या पोत्यासारखा घट्ट होतो. तोंडाजवळ श्वासाची वाफ गोठून बर्फाचा मुखवटा तयार होतो आणि माणूस स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढत राहतो. १९९४ साली स्विस नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ वाचतात, पस्तीस मिनिटांनी दहातले तीन. २०२४मध्ये ताज्या नोंदी घेऊन ही रेघ पुन्हा आखली, तेव्हा सुरुवातीचा तो बरा काळ पंधराऐवजी दहाच मिनिटांचा निघाला. सगळेच गुदमरून जातात असंही नाही. पश्चिम कॅनडातल्या एका अभ्यासात साधारण चारांतला एक मृत्यू झाडा-खडकांवर आदळल्याने झालेला होता.

दहा मिनिटांत हेलिकॉप्टर येत नाही. म्हणून बॅककंट्रीत प्रत्येकाच्या छातीशी ट्रान्सीव्हर बांधलेला असतो, ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश देणारा. त्याच्या जोडीला घडीची काठी आणि फावडं. ट्रान्सीव्हरने जागा जवळपास कळते, काठी खुपसून नेमकी कळते, आणि मग खणायचं. सरावात मला सगळ्यात मोठा धडा शिकवला तो खणण्याने. मीटरभर खोल पुरलेल्या माणसापर्यंत पोचायला टनभर बर्फ हलवावा लागतो. काठी लागली तिथेच उभं राहून विहीर खणायला घेतली की दोन मिनिटांत दम निघतो, शिवाय आपण त्याच्या डोक्यावर उभे असतो आणि त्याच्या तोंडापाशी असलेली थोडीशी हवाही चेपून टाकतो. उताराच्या खालच्या अंगाला जाऊन आडवं खणत आत जायचं असतं, बर्फ वर न उचलता मागच्या माणसाकडे ढकलत. माणूस लागला की पहिलं त्याचं तोंड मोकळं करायचं, तोंडातला बर्फ बोटाने काढायचा, मग छाती मोकळी करायची. पाय, कंबर, बाकी सगळं नंतर. श्वास नसेल तर सीपीआरची सुरुवात पाच श्वास देऊन करायची. शहरात हल्ली नुसती छाती दाबायला शिकवतात, कारण तिथे बहुतेक वेळा हृदय आधी थांबलेलं असतं आणि रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. बर्फाखालच्या माणसाचा प्राणवायूच संपलेला असतो. बुडालेल्या माणसालाही याच कारणाने श्वास आधी देतात.

हिमस्खलनाच्या बातम्या होतात, पण झाडाच्या बुंध्यापाशी होणाऱ्या मृत्यूबद्दल फारसं कुणी बोलत नाही. देवदारासारख्या झाडांच्या खालच्या फांद्या पडणारा बर्फ झेलतात आणि बुंध्याभोवती भुसभुशीत बर्फाने अर्धवट भरलेली पोकळी राहते. स्कीवाला झाडाला घासून गेला तर तो डोकं खाली पाय वर असा त्यात जातो. अमेरिका आणि कॅनडात स्वयंसेवकांना मुद्दाम अशा पोकळीत ठेवून पाहिलं, तर दहातल्या नऊ जणांना स्वतःहून बाहेर येता आलं नाही. त्यावर उपकरण असं काही नाही. झाडीतून जाताना जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही, हाक ऐकू जाईल इतकं जवळ राहायचं, आणि तो दिसेनासा झाला तर खाली जाऊन वाट बघत बसायचं नाही.

आता थंडीकडे येते, कारण बाकी सगळ्या दुखापतींना ती येऊन मिळते. मांडीचं हाड मोडलं तर आतल्या आत भरपूर रक्त साठतं. शरीर गार पडलं की रक्त गोठण्याची क्रिया मंदावते, म्हणजे तोच रक्तस्राव जास्त वेळ चालू राहतो. कुडकुडणं ही शरीराने स्वतः पेटवलेली शेकोटी असते. ती चालू आहे तोवर तिला सरपण द्यायचं: गोड पेय, चॉकलेट, जे गिळता येईल ते. माणूस कुडकुडायचा थांबला आणि बोलणं जड झालं, तर त्याला बरं वाटतंय असं समजायचं नाही. ती शेकोटी विझली आहे. त्यानंतर त्याला उभा करायचा नाही, चालवायचा नाही, हातपाय चोळायचे नाहीत. गार पडलेलं हृदय फार हळवं होतं, एखाद्या धक्क्यानेही त्याची लय बिघडू शकते. आडवाच ठेवायचा आणि हलवताना काचेचं भांडं उचलल्यासारखं हलवायचं.

त्याला गुंडाळण्याची जी रीत शिकवतात ती पाहून मला आमच्या घरची बाळंतिणीची खोली आठवली. खाली जाड चटई, तिच्यावर ताडपत्री, तिच्यावर स्लीपिंग बॅग, आत माणूस. छातीशी आणि काखेत गरम पाण्याच्या बाटल्या, पण कापडात गुंडाळून, कारण गारठलेल्या कातडीला चटका बसलेला कळत नाही. मग ताडपत्रीची एक बाजू आडवी घ्यायची, पायाकडून वर दुमडायची, दुसरी बाजू वरून आवळायची. आजी बाळाला दुपट्यात बांधायची तेव्हा तिचे हात नेमके याच क्रमाने चालायचे. फक्त चेहरा उघडा राहतो. दुसऱ्या फेरीत पुन्हा मीच पेशंट होते. या वेळी चौघांनी मांडीला हात लावायच्या आधी आपापल्या पाठपिशव्यांतल्या फोमच्या पट्ट्या काढून माझ्या खाली सारल्या. वीस मिनिटांनी मला घाम फुटला होता.

हिमदंशाबद्दल एक जुनी चुकीची समजूत अजून टिकून आहे. १८१२ साली नेपोलियनची फौज रशियातून परतत होती. तिच्यासोबतचा सर्जन लारे याने पाहिलं की गोठलेले पाय शेकोटीवर धरणारे सैनिक पाय गमावतात. त्याने आगीऐवजी बर्फानेच चोळायचा सल्ला दिला, आणि पुढची शंभराहून जास्त वर्षं जगभर लोक बर्फ चोळत राहिले. चोळल्याने आतले बर्फाचे कण पेशी फाडतात. आजची रीत म्हणजे साधारण ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोटं सोडून ठेवायची. आणि ती पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर मुळात वितळवायचीच नाहीत, कारण एकदा वितळून परत गोठलेलं बोट सहसा वाचत नाही. गोठलेल्या पायाने माणूस चालू शकतो. वितळलेल्या पायाने त्याला चालवत नाही. हा निर्णय डोंगरावर, थकलेल्या डोक्याने घ्यायचा असतो.

थंडी मारते, पण क्वचित तीच राखूनही ठेवते. २० मे १९९९ला नॉर्वेतल्या नार्विकजवळ आना बोगेनहोल्म ही तरुण स्वीडिश डॉक्टर दोन सहकाऱ्यांसोबत स्कीइंग करत होती. तोल गेला आणि ती गोठलेल्या ओढ्यावर डोक्याकडून आपटून बर्फाच्या कवचाखाली गेली. सहकाऱ्यांनी तिचे पाय पकडून ठेवले, पण ओढून काढता येईना. आत तिला हवेची एक पोकळी सापडली आणि जवळपास चाळीस मिनिटं ती हालचाल करत राहिली, मग थंडावली. ऐंशी मिनिटांनी बर्फ फोडून बाहेर काढलं तेव्हा ना श्वास होता ना नाडी. तिच्या दोन्ही सहकाऱ्यांनी तिथल्या तिथे सीपीआर सुरू केलं, ते हेलिकॉप्टरमध्ये चालू राहिलं, ट्रॉम्सोच्या इस्पितळापर्यंत चालू राहिलं. तिचं तापमान १३.७ अंश सेल्सियस इतकं खाली गेलं होतं. तिथे तिचं रक्त यंत्रातून फिरवून हळूहळू गरम केलं गेलं आणि त्या रात्री तिचं हृदय पुन्हा चालू झालं. बरं व्हायला फार काळ लागला, पण ती बरी झाली आणि रेडिओलॉजिस्ट म्हणून कामाला लागली. ‘गरम होऊनही मेलेला असेल तोच मेलेला’ हे डोंगरातल्या वैद्यकाचं तत्त्व त्या आधीपासूनचं. आनाच्या रूपाने त्याला चेहरा आणि नाव मिळालं. ट्रॉम्सोच्या यंत्रांचं कौतुक सगळीकडे होतं. ओढ्याकाठी थकवा बाजूला सारून छाती दाबत राहिलेल्या त्या दोघांचं मला जास्त वाटतं. त्यांनी हात थांबवले असते, तर यंत्रापर्यंत पोचायला काही उरलंच नसतं.

तितक्या नाट्यमय नसलेल्या दुखापती खूप असतात. स्कीवाल्यांचा गुडघा पिळवटतो. पडताना काठीची मूठ हातात राहिली तर अंगठ्याच्या सांध्याचा अस्थिबंध फाटतो, त्याला स्कीवाल्याचा अंगठा असंच नाव पडलंय. स्नोबोर्डवाल्याचे दोन्ही पाय बोर्डाला जखडलेले, म्हणून तो हातावर पडतो आणि मनगट मोडून घेतो. त्याच्या घोट्याच्या एका हाडाची विशिष्ट मोड इतकी नेहमीची आहे की डॉक्टर तिला स्नोबोर्डरचं फ्रॅक्चर म्हणतात. घोट्याला लागलं असेल तर बूट काढायची घाई करू नये. कडक बूट हाच बरा आधार असतो, आणि एकदा काढला की सुजेमुळे पुन्हा चढत नाही. मात्र बोटं हलतात का, स्पर्श कळतो का, हे तासातासाला विचारत राहायचं. बाकी बांधाबांध स्कीच्या काठ्या, रबरी पट्टे आणि पाठपिशवीतली फोमची पट्टी यांतच होते. पाठीच्या कण्याची रीतही बदलली आहे. पूर्वी पडलेल्या प्रत्येकाला सपाट फळीला जखडायचे. आता शुद्ध, नशा, मानेतलं दुखणं, हातापायांतली ताकद तपासून, गरज नसेल तर मोकळं सोडायला शिकवतात. बर्फात चार तास सपाट जखडून ठेवणं हीसुद्धा एक इजाच आहे.

या सगळ्याच्या आधी एक पायरी येते, आणि सरावात सगळेच ती विसरतात. पडलेल्याकडे धावण्याआधी वर बघायचं. ज्या उताराने एकाला खाली आणलं, त्याच्या माथ्यावर अजून बर्फ लटकतोय का? मग रक्त, श्वासमार्ग, श्वास, नाडी. नाडी बघायलाही पूर्वतयारी लागते. गारठलेल्या बोटांना दुसऱ्याची नाडी लागत नाही, म्हणून आधी बोटं स्वतःच्या काखेत धरायची. अतिथंड माणसाची नाडी पूर्ण एक मिनिट शोधायची. मग डोक्यापासून पायापर्यंत कपड्यांच्या आत हात घालून चाचपायचं. प्रत्येक आकडा वेळेसकट लिहायचा. कागद ओला होतो, म्हणून पॅंटच्या मांडीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर पेन्सिलीने. ३:१०, नाडी ११०. ३:२५, नाडी १०४. एक आकडा काही सांगत नाही, पण चार आकडे ओळीने दिसले की माणूस सावरतोय की खचतोय हे कळतं आणि मदत मागताना नेमकं सांगता येतं.

मदत मागणं इथे सोपं झालंय; उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रं आणि आता काही फोनही हे काम करतात. येणारी माणसं मात्र बहुतेक स्वयंसेवक, नोकरी-धंदा टाकून येणारी आणि पैसे न घेणारी. त्यांना पाहिलं की मला लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र आणि सह्याद्रीत दरीत उतरून माणसं वर काढणारे आपले गिर्यारोहक आठवतात. भारतात मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी: दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय उपग्रह फोन किंवा तसलं संदेशयंत्र बाळगणं बेकायदेशीर आहे, आणि परदेशी पर्यटकांना त्यावरून अटकही झाली आहे. इथून गुलमर्गला जाणाऱ्या मित्रांना मी हे आवर्जून सांगते. तिथला गोंडोला सुमारे ३,९५० मीटरवर अफरवटच्या खांद्यावर सोडतो आणि तिथून दोन पावलं बाजूला गेलं की खरी बॅककंट्री. फेब्रुवारी २०२३मध्ये तिथे दोन पोलिश स्कीवाले हिमस्खलनात गेले, पुढच्या फेब्रुवारीत एक रशियन. आपल्याकडच्या ज्यांना असा अभ्यासक्रम करायचा असेल त्यांना परदेशी जायची गरज नाही. मसुरीजवळ लंढौरच्या हनिफ्ल सेंटरमध्ये डोंगरातल्या प्रथमोपचाराचे वर्ग होतात.

प्रमाणपत्राची मुदत दोन-तीन वर्षांची असते, हात त्याहून फार लवकर विसरतात. म्हणून नोव्हेंबरात पहिला बर्फ पडायच्या आधी आम्ही चौघं आमच्या हॉलमध्ये जमतो. फर्निचर भिंतीला लावतो, ताडपत्री पसरतो, आळीपाळीने एकेक जण पेशंट होतो. मागच्या वर्षी माझी पाळी बांधण्याची होती. पट्टा गुडघ्याच्या वरून घ्यायचा की खालून, यावर मी अडले. दोनदा सोडून परत बांधला. तेवढ्यात जमिनीवरून आवाज आला, “पाठीखाली काही नाही घातलंस.”

मी पट्टा खाली ठेवला आणि फोमची पट्टी आणायला उठले.